नवमीचं पाणी

जुने अशील हिम्मतराव हैदराबादच्या नुमाइशीत, म्हणजे तिथल्या मोठ्या वार्षिक प्रदर्शनात, फिरून दमले, की दरवर्षी नारायणगुड्याला उदगीरकर वकिलांकडे चहाला टेकायचे. त्या जानेवारीतही आले. दत्तात्रय उदगीरकर, म्हणजे घरादाराचे अण्णा, पुढच्या खोलीतल्या ऑफिसात वेताच्या खुर्चीत बसले होते. काचबिंदूनं त्यांची नजर नेली त्याला बरीच वर्षं झाली होती, पण खोकल्यावरूनही माणूस ओळखायचे. हिम्मतराव आल्याचं कळताच ते खुलले. शेजारी बसलेल्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "हिम्मतराव, हे आमचे चिरंजीव. हेमंत. माधापूरला सॉफ्टवेअरमध्ये आहेत." मग कपबश्यांचा आवाज आला तिकडे मान वळवून, "आणि अनू तर तुम्हाला माहीतच आहे."

माहीतच आहे! अनुराधेच्या हातातला ट्रे आदळायचाच बाकी राहिला. याच हिम्मतरावांची मलकपेठची जागा तिनं भाडेकरूच्या घशातून काढून दिली होती. याच खुर्चीतून अण्णा त्यांना ऐकवायचे, "अनू मुलगी नाही हिम्मतराव, मुलगाच आहे माझा." आणि हिम्मतराव म्हणायचे, "हौ, यात काय शक?" आज तेच हिम्मतराव चिरंजीवांच्या पाठीवर थाप मारून परदेशी कधी जाणार ते विचारत होते, आणि मुलगाच असलेली मुलगी साखर किती घालू म्हणून उभी होती.

आता तिचं दुखणं समजून घ्यायचं, तर थोडं मागं जायला हवं. अनुराधा थोरली. तिच्या वेळी मुलगाच होणार अशी अण्णांची बालंबाल खात्री होती. नावसुद्धा ठरवून ठेवलं होतं, हेमंत. झाली अनुराधा. अण्णांनी नाव वाया जाऊ दिलं नाही. ती शाळेतून वादविवादाची ढाल घेऊन आली की दारातच गर्जना व्हायची, "शाब्बास हेमंतराव!" त्यातली एक ढाल घरातच हरवली आणि शोधून शोधून सापडली नाही, तेव्हा अनुराधा दोन दिवस जेवली नव्हती. पुढं ती वकील झाली. अण्णांची नजर अधू होत गेली तशा फायली तिच्याकडे आल्या. एक्क्याण्णवनंतर शहराचं रूप पालटलं, भाडेकरूंचे जुने दावे आटले, माधापूरच्या माळावर काचेच्या इमारती उठल्या, तेव्हा त्या कंपन्यांचे करारमदार या ऑफिसात ओढून आणले तेही तिनंच. स्थळं आली ती तिनं परतवली, कारण ऑफिस कोण बघणार? या सगळ्याचं बक्षीस एकच होतं, "मुलगाच आहे माझा." त्यावर ती खूश होती. खरोखर खूश होती.

तिच्या पाठीवर बऱ्याच वर्षांनी धाकटं भावंड झालं. दाखल्यावर मुलगी लिहिलं, नाव मुलीचं ठेवलं. ते नाव आता घरात कुणी घेत नाही, म्हणून आपणही घ्यायला नको. हा धाकटा इंजिनीअर झाला, बंगलोरला नोकरी करून परत हैदराबादेत आला, आणि एका दिवाळीत फराळाच्या ताटावर बसून म्हणाला, "अण्णा, ताई, मी मुलगा आहे. आधीपासून होतो. सांगायला उशीर झाला." अण्णांनी ताट सरकवलं आणि कित्येक महिने तो विषय काढू दिला नाही.

मग एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. माणूस स्वतःला पुरुष समजतो, स्त्री समजतो की तृतीयपंथी, हे ठरवायचा हक्क त्याचा स्वतःचा, आणि सरकारनं ते कागदोपत्री मानायचं. अण्णा गप्प होते तरी वकील होते. म्हणाले, "अनू, वाचून दाखव." रोज संध्याकाळी कोर्टातून आल्यावर तिनं तो भलामोठा निकाल त्यांना वाचून दाखवला. अण्णा मध्येच थांबवायचे, हुज्जत घालायचे, ती उत्तरं द्यायची. धाकट्याची बाजू तिनं जेवढ्या ताकदीनं मांडली तेवढी कुठल्या मुवक्किलाची मांडली नसेल. शेवटचं पान झालं तेव्हा अण्णा म्हणाले, "बोलाव त्याला." त्याला, असं म्हणाले. ते ऐकून अनुराधेचे डोळे भरून आले होते.

धाकटा आला. अण्णांच्या पायाशी जमिनीवर बसला आणि म्हणाला, "अण्णा, मला हेमंत म्हणाल?" अण्णांनी त्याचं डोकं दोन्ही हातांनी चाचपलं आणि रडले. अनुराधेला कुणी काही विचारलं नाही. का विचारावं? ते नाव तिचं आहे असं कुठं लिहिलं होतं? भरलेले डोळे त्या क्षणी कोरडे झाले आणि पोटात जे दुखायला लागलं ते थांबायचं नाव घेईना.

भाऊ झाला याचं तिला दुःख नव्हतं, हे मात्र तिच्या बाजूनं सांगायला हवं. तो सुखात दिसत होता, मोकळा हसत होता, आणि त्याचं हसू तिला लहानपणापासून आवडायचं. दुखत होतं ते वेगळंच. नुमाइशीत गर्दीतून जाताना अण्णा इतकी वर्षं तिचा दंड धरायचे, यंदा हेमंतचा धरला. वर म्हणाले, "अनू, तू मोकळी फिर." मोकळी फिरून ती काय करणार होती? बांगड्यांच्या दुकानासमोर उभी राहिली आणि एकही बांगडी न घेता पाठमोऱ्या दोघांकडं बघत राहिली.

हे सगळंही तिनं गिळलं असतं. पण हिम्मतराव चहा घेऊन गेले, त्याच रविवारी जेवताना अण्णा सहज बोलून गेले, "हेमंत, या भाद्रपदात नवमीला तू बस. आईला पाणी सोड. मुलाच्या हातचं तिला अजून मिळालंच नाही."

अनुराधा आमटी वाढत होती. वाटी भरून वाहिली तरी तिला कळलं नाही.

आई गेली ती सवाष्ण गेली, म्हणून तिचं श्राद्ध पितृपक्षात अविधवा नवमीला. पहिल्याच वर्षी अण्णा खुब्याचं हाड मोडून अंथरुणावर होते. आईच्या दुखण्यात तिचं सगळं अनुराधेनं केलं होतं, अंग पुसण्यापासून. हेमंत तेव्हा बंगलोरला. तिनं अण्णांना विचारलं होतं, "नवमीला मी बसते. आईला पाणी मी सोडते." आयुष्यात तिनं अण्णांजवळ मागितलेली ती बहुधा एकच गोष्ट. अण्णा म्हणाले, "ते मुलाचं काम आहे अनू." आणि मलकपेठहून अरविंदला बोलावलं. हा अरविंद चुलत पुतण्या. आई आजारी असताना एकदा डोकावला नव्हता. दर्भ, तीळ, जव, पिंडाचा भात, सगळं अनुराधेनं त्याच्यापुढं मांडलं आणि स्वतः स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहिली. अरविंदनं मोबाइल बघत बघत पाणी सोडलं. तेव्हापासून दरवर्षी तोच येतो, तसंच करतो. "मुलगाच आहे माझा" हे वाक्य कुठपर्यंत चालतं ते अनुराधेला त्या दिवशी कळलं होतं. तरी ती त्याला धरून राहिली, कारण दुसरं होतं काय?

आणि आता हा. काल आला, नाव घेतलं, दंड घेतला, आणि आता आईसुद्धा घेणार.

त्याच दिवशी दुपारी ती हेमंतचा हलफनामा लिहायला बसली. अण्णा अॅफिडेविट म्हणत नसत, हलफनामाच म्हणत. हा हलफनामा नोटरी करायचा, मग पेपरात जाहिरात, मग गॅझेट, आणि त्यावर पासपोर्ट. हेमंतच्या कंपनीला त्याला जर्मनीला पाठवायचं होतं, पण त्याहून मोठं कारण रोजचं होतं. कंपनीच्या गेटवर ओळखपत्र एक सांगायचं आणि माणूस दुसरा दिसायचा. बायकांची झडती पडद्यामागं घेणारी रक्षक म्हणायची तिकडं जा, पुरुषांच्या रांगेतला म्हणायचा तिकडं जा, आणि मागं रांग खोळंबायची. हे त्यानं अनुराधेला एकदा हसत हसत सांगितलं होतं आणि सांगताना बुटाची नाडी उगाच सोडून परत बांधली होती.

तिला हे सगळं ठाऊक होतं. तरी चौथ्या परिच्छेदात, जिथं 'पुरुष' लिहायचं, तिथं तिनं 'तृतीयपंथी' लिहिलं.

कारण तयार होतं. वकिलाला कारणांची काय वाण? पुरुष म्हटलं की बाबू लोक ऑपरेशनचा दाखला मागतात, फाइल अडवतात. हे लिहिलं तर काम लवकर होईल, जोखीम कमी. कुणी विचारलं असतं तर तिनं हे इतकं चोख सांगितलं असतं की न्यायाधीशानंही मान डोलावली असती. जे स्वतःला तृतीयपंथी म्हणतात त्यांच्यासाठी तो शब्द बरोबरच आहे. हेमंत कधीही म्हणाला नव्हता. आणि तो शब्द लिहिताना अनुराधेच्या मनात जोखीम नव्हती, बाबू नव्हते, नवमी होती. मुलगा असं कागदावर आलंच नाही, तर पाटावर कसा बसेल? एवढंच. तिनं मसुदा मेल करून टाकला. हेमंतचं उत्तर आलं, "ओके ताई. थँक्स." ते तिनं दोनदा वाचलं आणि कॉम्प्युटर बंद केला.

उदगीरकरांच्या ऑफिसात एक नियम आहे, आजोबांपासूनचा. निजामाच्या राज्यात त्यांच्या एका अशिलानं न कळणाऱ्या उर्दू कागदावर अंगठा दिला आणि राहतं घर घालवून बसला. तेव्हापासून या ऑफिसात कागद ज्याचा त्याला त्याच्या भाषेत मोठ्यानं वाचून दाखवायचा, आणि ज्यानं लिहिला त्यानंच वाचायचा. त्याशिवाय दस्तखत नाही. कलेक्टर आला तरी नाही. इंग्रजी कागद बघत अस्खलित मराठीत, तेलुगूत, दख्खनीत वाचत जायची अनुराधेची हातोटी अख्ख्या नामपल्ली कोर्टात प्रसिद्ध होती.

पुढच्या रविवारी हेमंत इस्त्रीचा शर्ट घालून आला. अण्णा खुर्चीत ताठ बसले. "वाच, अनू."

ती वाचायला लागली. "मी, हेमंत दत्तात्रय उदगीरकर, राहणार नारायणगुडा, शपथेवर सांगतो की..." पहिला परिच्छेद झाला. दुसरा झाला. अण्णा डोळे मिटून ऐकत होते, प्रत्येक परिच्छेदाला मान हलवत होते. हेमंतच्या हातात त्याची प्रत होती आणि तो ओळीवरून बोट फिरवत होता. तिसरा झाला.

लिहिणं सोपं गेलं होतं. लिहिताना समोर कुणी नव्हतं. आता तो समोर बसला होता, दाढी नुकती कातरलेली, आणि त्याच्या तोंडावर त्याला तो काय आहे हे सांगायचं होतं.

"चार," ती म्हणाली. "मी स्वतःला... मी पुरुष आहे, आणि माझी सर्व कागदपत्रं त्याप्रमाणे व्हावीत असं मी जाहीर करतो."

कागदावर वेगळंच होतं. हेमंतचं बोट ओळीवर थांबलं. त्यानं मान वर करून तिच्याकडं पाहिलं.

"पुढं," अण्णा म्हणाले.

तिनं पुढचं भराभर वाचून संपवलं. अण्णांनी पेन पुढं केलं. हेमंतनं ते घेतलं, टोपण काढलं, आणि खरंच सही करायला वाकला. अनुराधेनं झडप घालून त्याच्याखालचा कागद ओढला. "थांब! टायपिंगची गडबड झाली आहे. परत काढून आणते." ती आतल्या खोलीत गेली. तिनं प्रिंटर सुरू केला. मागून हेमंत आला आणि दाराला टेकून उभा राहिला.

"कधी वाचलंस?" तिनं त्याच्याकडं न बघता विचारलं.

"मेल आली तेव्हाच."

"मग बोलला का नाहीस?"

"पहिले वाटलं, कायदा तेवढंच देत असेल. ताईनं लिहिलंय म्हणजे तेवढंच असणार." तो जरा थांबला. "मग निकाल मी पण वाचला ना. समजलं. मग वाटलं, ताईला एवढाच भाऊ चालतोय. ठीक है. एवढ्यावर दस्तखत करू. तुझ्याशी लडाई करून पूर्ण घेण्यापेक्षा."

अनुराधा खुर्चीत बसली. वकिली सगळी कुठल्या कुठं गेली. "मी तुझ्यावर जळते," ती म्हणाली. "सरळ सांगते. रोज जळते. ते नाव माझं होतं. आणि आईचं पाणी मी मागितलं होतं, अण्णांनी मला नाही म्हटलं. तुला न मागता दिलं. आईचे पाय कुणी चेपले रे? तू?"

"तू," हेमंत म्हणाला. "पाण्याचं मला माहीत नव्हतं ताई. आईची कसम. मला कुणी बोललंच नाही."

"कुणाला बोलणार होते मी?"

"आणि नावाचं..." तो खाली बघत म्हणाला. "तुला शाब्बास हेमंतराव म्हणायचे ना, तेव्हा मी त्या दारामागं उभा असायचो. लहान होतो, पण इतकं जळायचो, काय सांगू. वाटायचं, ते माझं आहे आणि चुकून तुला हाक मारायलेत. तुझी ती ढाल मी न्हाणीमागच्या विहिरीत टाकली होती."

"ती तू टाकलीस?"

"हौ."

अनुराधा त्याच्याकडं बघत राहिली. मग तिला एकदम हसू फुटलं, आणि हसता हसता नाक ओढावं लागलं. "मेल्या, दोन दिवस जेवले नव्हते मी."

"मी पण नव्हतो. भीतीनं."

तिनं चौथा परिच्छेद दुरुस्त केला, कागद काढला, आणि दोघं बाहेर आले.

बदललेला कागद परत पहिल्यापासून वाचायचा, हाही नियमच. तिनं वाचला. या वेळी आवाज कुठंही अडखळला नाही. संपल्यावर अण्णा म्हणाले, "मघाशी वाचलंस ते आणि हे, शब्दाचाही फरक नाही. मग बदललं काय?"

हेमंत पटकन म्हणाला, "पत्ता चुकला होता, अण्णा."

"अनू पत्ता चुकवत नाही."

तो तिला वाचवत होता. ते तिला समजत होतं, आणि तेच सहन होईना. "मीच चुकीचं लिहिलं होतं, अण्णा," ती म्हणाली. "मुद्दाम. तो पुरुष आहे असं लिहिलं नव्हतं. नवमीला तुम्ही त्याला बसायला सांगितलंत म्हणून."

अण्णांचा चेहरा कडक झाला. या ऑफिसात, या घरातल्या माणसाच्या कागदावर असं झालं होतं. ते आता काय बोलतील म्हणून अनुराधेनं टेबलाची कड घट्ट धरली. पण अण्णांचा हात खुर्चीच्या हातावर नुसताच पुढं मागं फिरत राहिला.

"तू मागितलं होतंस," ते शेवटी म्हणाले. "आठवतंय मला."

"अण्णा, एक विचारू?" हेमंत म्हणाला. "मी मुलगा आहे हे पटवायला मला कागद लागायलाय. ठीक आहे, काढायलोय. आईला पाणी सोडायला ताईला कुठला कागद लागतो ते सांगा. तो पण काढू."



"नाही लागत," अण्णा हळू म्हणाले.

"मग?"

"मग काय मग! दोघं बसा."

"आणि गुरुजी?" अनुराधेनं विचारलं. "ते नाही म्हणतील."

"नाही म्हणाले तर त्यांना घरी पाठव. पाणी आपलं, तीळ आपले, गेलेली बाई आपली." अण्णांचा आवाज चढला होता, आणि कुणावर चढला होता ते त्यांचं त्यांना माहीत. "अरविंदला कळव, यायची गरज नाही म्हणून. आता दस्तखती होऊन जाऊ देत."

हेमंतनं सही केली. नवं नाव तो हलफनाम्यावर पहिल्यांदाच लिहीत होता, म्हणून एकेक अक्षर सावकाश काढत होता. मग साक्षीदाराची जागा आली. अण्णांनी सवयीनं हात पुढं केला, "अनू, कुठं?" आणि तिनं नेहमीसारखं त्यांचं बोट धरून ओळीवर टेकवलं. सही करून झाल्यावर त्यांनी तिचा हात लगेच सोडला नाही.

कागद तिच्यासमोर आला. हेमंत दत्तात्रय उदगीरकर. ते नाव बघून अनुराधेला पुन्हा एकदा झोंबलंच, नाही असं नाही. पण शाई ओली होती, डोक्यावर पंखा फिरत होता, आणि कागद उडू नये म्हणून तो वाळेपर्यंत तिनं दोन्ही हातांनी धरून ठेवला.